करडईचा बर्फ

सोलापुरात बर्फ म्हणजे
रसवंतीच्या दारात गोणपाटाखाली
भुशात निजवलेली लादी,
खिळ्यानं फोडायची.
हे मी हवालदार रेवणसिद्ध म्हेत्र्यांना सांगितलं
तर ते इतके हसले
की ओम्नीचं दार पुन्हा ओढून घ्यावं लागलं.

एकवीस वर्षं लष्कराचे ट्रक हाकलेला माणूस,
डाव्या पायाची दोन बोटं वरतीच ठेवून आलेला,
(मागायला गेलो नाही परत, म्हणायचे,
थंडीनं नेलेलं थंडीला लखलाभ)
मार्चच्या उन्हात, कुंभारीच्या पुढं,
मला बर्फातलं ड्रायव्हिंग शिकवत होता.

काका, मला नुसते शाळेचे गणवेश
बार्शीला पोचवायचेत.
त्यांनी ऐकलंच नाही.
गाडी रेटतात ती चाकं कुठली?
मला काय माहीत.
मागली, पोरी. ही बैलगाडी न्हवं, हातगाडा हाय.
खाली निसरडं असलं
की रेटणाऱ्याचाच पाय आधी सुटतो.

पुढं रस्त्यावर कुणीतरी करडई वाळत घातलेली,
पांढरी, गुळगुळीत, डांबर दिसेना.
ते गप्प झाले, जुनं माणूस भेटावं तसे.
मग म्हणाले, हा तुझा बर्फ. जा.

दुसऱ्या गिअरवर उचल.
क्लच असा सोड, जसा निजलेल्या लेकराखालून
हात काढतेस.
शेपूट डावीकडं पळाली? चाक डावीकडंच फिरव, थोडं.
तिच्याशी भांडू नको, तिच्या वाटेनं दोन पावलं जा,
मग घरी आण.
खड्ड्याकडं बघू नको, खड्ड्यातच जाशील.
जायचंय तिकडं बघ.
आणि ब्रेक?
ब्रेक म्हणजे किंकाळी. मारली म्हणून कोण वाचतं?

ओम्नी गोल फिरली. समोर आता सोलापूर होतं.
खराटा उगारून नीलव्वा धावत आली,
तिच्या कन्नड शिव्यांना हवालदारांनी
कन्नडमध्येच माफी मागितली,
आणि मग आम्ही दोघांनी तासभर
बर्फ गोळा केला, सुपानं.

नऊ महिन्यांनी, गाळपाचे दिवस.
जाताना सहा गठ्ठे मागं, गाडी शहाण्यासारखी गेली.
येताना रिकामी.
रिकाम्या गाडीची शेपूट किती हलकी असते
हे मी विसरले होते.
वडाळ्याच्या अलीकडं मळीचा टँकर सांडलेला,
अंधारात रस्ता नुसता ओला वाटला, गोड वास आला,
आणि मागची चाकं माझ्याआधी
सोलापूरला निघाली.

आठवलं असं काही नाही.
हातांनीच काय ते केलं.
चाक शेपटीमागं गेलं, डोळे बाभळीवरून उचलून
पलीकडच्या मैलाच्या दगडावर ठेवले,
आणि त्या दगडानं मला
हळूहळू ओढून घेतलं.
बाभळीनं फक्त आरसा ठेवून घेतला.

घाम पुसायच्या आधी त्यांना फोन लावला.
मळीवरून घसरले, म्हटलं.
ते जेवत होते, भाकरी मोडल्याचा आवाज आला.
मागं वजन होतं?
नव्हतं.
ब्रेकवर पाय गेला का?
थोडा.
बराच वेळ काही नाही, मग पाणी प्यायल्यासारखं.
मग थोडी शिकलीस, म्हणाले,
आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मागच्या सीटखाली
वाळूची दोन पोती असतात.
गिऱ्हाइकं विचारतात, बांधकाम काढलं का?
मी म्हणते, नाही,
बर्फ पडला तर असावीत.