घट

विट्याला तहसीलसमोरच्या गाळ्यात मी दस्त लिहितो.
खरेदीखतं, हक्कसोड,
आणि मृत्युपत्रं, बहुतेक दसऱ्याच्या पुढेमागे,
गलाईवाले गावी येतात
आणि वर्षभर कुलपात असलेल्या बंगल्यांतले पंखे फिरायला लागतात तेव्हा.

हिंदुराव तात्या आले भर वैशाखात. मुलं इथं नसताना.
चाळीस वर्षं कोइमतूरच्या गल्लीत सोनं आटवलेला माणूस,
बसायच्या आधीच म्हणाले,
"लिहिताना घट किती धरायची?"
मला कळलं नाही.
"शंभर ग्रॅम आटवलं तर शंभर परत येत न्हाय.
थोडं मुशीला चिकटतं, थोडं धुरात जातं.
माझं वाटताना किती जाईल?"
म्हटलं, जिवंतपणी वाटलंत, तर जास्त.

थोरल्यानं फोनवर मसुदा धाडला होता, बक्षीसपत्राचा.
आत्ताच नावावर करा, पुढं कटकट नको.
मी नेहमीचं सांगितलं:
बक्षीस दिलेलं घर परत मागायला प्रांताच्या दारात बसावं लागतं,
आणि तिथं आधी विचारतात,
सांभाळायची अट लिहून घेतली होती का.
मृत्युपत्र दहा वेळा बदला. शेवटचं खरं.

"मग मालनचं लिहा पहिलं."
खालच्या दोन खोल्या, परसातलं न्हाणीघर,
पत्नी मालन हिला तहहयात.
तहहयात.
हा शब्द आला की माझा हात आपोआप सावकाश होतो.
"नळाची तोटी पण लिहा," तात्या म्हणाले,
"उद्या सून म्हणंल, पाणी आमचं."
लिहिली. तोटी लिहिलेला माझा तो पहिलाच दस्त.

"बँकेत थोरल्याचं नाव हाय. ते झालंच की."
नाही, म्हटलं, तो नॉमिनी. पैसे उचलून वारसांना द्यायचे.
"म्हंजे दिवाणजी," तात्या हसले.
मग बाहेरच्या कडुलिंबाकडे बघत, हळू आवाजात,
"बाकीच्याचे तीन भाग."
दोन मुलगे ना तुम्हाला?
"तीन पोरं हायत मला."

नोंदणीच्या दिवशी डॉक्टर शेट्यांचा दाखला होता,
साक्षीला बोरगेमास्तर होते,
दुसरा साक्षीदार खानापूरला मयताला गेलेला.
लेंगऱ्याहून वडिलांना स्कुटीवर घेऊन आलेली विजयमाला
पिशवी खाली ठेवून पुढं झाली.
"मी करते की सही. मला कुठं काय मिळायचं हाय?"

जेवून आलेय, असं सांगावं
तितक्या साधेपणानं म्हणाली.

ज्याला मिळायचं त्याची साक्ष नको,
उद्या कोर्टात पहिला प्रश्न तोच.
पण हे तिला कसं सांगायचं?
दस्तातलं बाहेर बोलायचं नाही, हा माझा धंदा.
मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी चपलेकडे.
"ताई, तुमची सही चालणार नाही."
"का?"
पेनाचं टोपण तिच्या हातात. मास्तर चष्मा पुसायला लागले.
बराच वेळ पंख्याचा आवाज.

तिनं टोपण लावलं.
"विचारायचं तरी, तात्या. आता दोघांचे फोन कुणी घ्यायचे?"

चहावाल्याचा पोरगा बोलावला. वय बावीस, आधार कार्ड खिशात,
मिळणार काही नाही, म्हणून पक्का साक्षीदार.

मग यंत्र तात्यांचा अंगठा घेईना.
ॲसिडानं रेषा कधीच खाल्लेल्या.
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लाल दिवा.
कारकून म्हणाला, जरा चोळा.
विजयमालानं ओढणीचं टोक पाण्यात बुडवलं,
बापाचा अंगठा धरला
आणि भांडं घासावं तसा घासला, रागानं,
आधी उलटा, मग सुलटा,
डोळे वर न करता.
चौथ्यांदा घेतला.

शंभर रुपयांची पावती तिनंच उचलली,
चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली, गोळ्यांच्या चिठ्ठीशेजारी.
स्कुटी दोनदा बंद पडली.
तात्या मागं बसले, एका हातानं तिचा खांदा धरून.
ती अजून बोलत नव्हती.