चिंचाळा रोड

बदली होऊन आलो तेव्हा स्टेशन होतं, गाडी नव्हती.
पंख्यावरचा प्लॅस्टिकचा कागदही कुणी काढला नव्हता.
रोज सकाळी आठला मी रजिस्टर उघडून लिहायचो:
आलेल्या गाड्या, निरंक. गेलेल्या, निरंक.
प्रवासी, निरंक.
त्या शब्दाला इतकं सुबक वळण
बावीस वर्षांच्या नोकरीत कधी आलं नव्हतं.

उत्रेश्वर जायभाये, कीमन,
सहा किलोमीटर जातो, सहा किलोमीटर येतो,
हातोडीनं एकेक चावी ठोकत.
बसलेली चावी ठण्ण म्हणते, ढिली म्हणते ठप.
"माझ्या मायनं मडकी अशीच घेतली जलमभर," तो म्हणाला,
"वाजवून."

बोर्डावरचं नाव वरून आलं, टाइप होऊन: चिंचाला.
हिंदीत ल, मराठीतही ल.
महेमूद पेंटर अर्धा दिवस ब्रश धूत बसला.
"अब्बा ह्या गावाचं नाव उर्दूत काढायचे, साहेब.
उर्दूत ळ नव्हता,
तरी वाचणारे घालायचेच."
मी म्हणालो, आदेश आहे.
तो म्हणाला, आदेशाला जीभ कुठं असते.

मग वाळूची पोती आली.
माणसाच्या जागी माणसाच्या वजनाची वाळू,
खिडकीशी पोतं, दाराशी पोतं,
वरच्या बर्थवर एक कुशीला वळल्यासारखं.
पुलाखाली काटा लावून
एक पोरगेलासा इंजिनिअर श्वास धरून बसला.
गाडी वर उभी राहिली,
पूल तीन मिलिमीटर वाकला.
गाडी गेली.
"आला परत," तो म्हणाला,
रात्री उशिरा घरी आलेल्या माणसाबद्दल म्हणावं तसं.

त्या दिवशी 'आलेल्या' खाली मी एक लिहिलं.
'प्रवासी' खाली पेन अडलं.

ठाकूबाई येळे तीन शेळ्या घेऊन कुंपणाशी उभी असते.
तिची वाट रुळानं मोडली, आता बोगद्यानं वळसा पडतो.
तिकिटाचं मशीन तपासताना
एक तिकीट निघालं: परळी, एक प्रौढ,
खाली बारीक, चाचणीसाठी, वैध नाही.
ती म्हणाली, द्या की, फेकताच तर हाय.
चंचीत पानाशेजारी ठेवलं.
"मंग वैध कवा व्हतं हे?"
मला तारीख माहीत नव्हती.

तपासणीचे साहेब आले.
फलाटाची कड मोजली, रुळांमधलं अंतर मोजलं,
सिग्नल लाल, पिवळा, हिरवा, परत लाल.
बोर्डापुढे थांबले.
वर चिंचाला, खाली चिंचाळा,
खालच्या ळचा रंग अजून ओला.
मी घाम पुसला.
"नल चालू है?" त्यांनी विचारलं.
"नळ," मागून महेमूद म्हणाला, "चालू है, साहेब."
साहेब पाणी प्याले. काहीतरी लिहिलं.

अहवालात एकोणीस शेरे आले.
कुंपणाला भोक, घड्याळ दोन मिनिटं मागं,
अपंगांच्या उतारावर खडी.
बोर्डाचं नाव कुठेच नाही.

पोती उतरली तरी सीटांच्या फटीत वाळू राहिली.
आम्ही दोघं झाडत होतो.
उत्रेश्वरनं चिमूट जिभेवर ठेवली, थुंकला.
"सिंदफणेची," म्हणाला.
त्यावर मी काय बोलणार होतो.

तारीख अजून आलेली नाही.
आज पंख्यावरचा कागद काढला, बटण दाबलं.
ठण्णही नाही, ठपही नाही,
मधलंच काहीतरी वाजलं.
उत्रेश्वरनं हातातला चहा खाली ठेवला
आणि वर पाहिलं.