काठावरचा मसाला

नव्या काडतुसांचं खोकं आलं शनिवारी,
पाचशे नग, आवाजाहून सावकाश जाणारे,
दर नेहमीच्या पाऊणपट.
स्वस्त आहेत ते दुकानदारानं सांगितलं,
मोराग आत्या म्हणाली,
बाकीचं नळ्यांना विचारू.

जून महिना. ओटागोचा हा उतार पांढरा पडलेला,
रानटी थाइमच्या काड्यांवर दहिवर गोठलेलं,
आणि सशांनी इतकी पोखरलेली जमीन
की पायाखाली पोकळ वाजते.
लोकर निवडायचं जुनं टेबल बाहेर ओढलं,
त्यावर वाळूची पिशवी.
पन्नास मीटरवर मातीचा बांध, बांधापुढे कागद.
पाच बंदुका. माझ्या हाती वही.

पहिली आत्याची, चेक बनावटीची,
दस्ता गाल टेकतो तिथे काळवंडलेला.
पाच बार, पाचही भोकं
दोन डॉलरच्या एका नाण्याखाली झाकली.
आत्या काही बोलली नाही.
तिचं न बोलणं मी वहीत ‘उत्तम’ असं लिहिते.

दुसरी शेजारच्या राविरीची, आपोआप भरणारी.
पण या काडतुसांत तिला मागे ढकलण्याइतका दम नाही,
दर बाराला रिकामं टरफल दारात अडकतं,
फटीत बोट चेंगरलेल्या पोरासारखं.
राविरी नखानं उपसतो, माओरीत काहीतरी पुटपुटतो,
आत्या मुद्दाम ढगांकडे बघते.

तिसरी गुरांच्या डॉक्टरची.
जाड नळी, जपानी दुर्बीण, किंमत विचारू नये अशी.
भोकं कागदभर,
कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.
वारा होता, डॉक्टर म्हणाला.
थाइमची एक काडीसुद्धा हलत नव्हती.

चौथीच्या पानावर चहा सांडला.
बरी होती, एवढंच आठवतं.

पाचवी आत्यानं माझ्याकडे सरकवली.
एका वेळी एकच गोळी घेणारी, तुझ्या बापाची, म्हणाली,
बारा वर्षांचा होता तेव्हाची.
दस्त्यावर चाकूनं कोरलेलं एक अर्धवट अक्षर,
पुढचं कोरताना बहुधा कोणी हटकलं असावं.
मी श्वास सोडला, चाप ओढला.
टक्.
नुसतं टक्.

हलू नकोस, आत्या म्हणाली. नळी बांधाकडेच. तीस मोज.

एक, दोन.
फुसका बार म्हणून हसायचं नाही यावर,
कधीकधी आतली ठिणगी उशिरा जागी होते.
सात, आठ.
पर्थहून बाबांचा फोन येतो रविवारी,
‘बरं आहे ना?’ म्हणतात, मी ‘हो’ म्हणते,
आणि मग दोन्हीकडून असंच काहीतरी
धरून ठेवलेलं असतं, बांधाच्या दिशेनं.
चौदा.
बर्फाचा एक कण नळीवर पडला, विरघळला.
एकवीस, बावीस.
राविरीनं टोपी काढून डोकं खाजवलं.
तीस.

आत्यानं काडतूस काढून तळहातावर धरलं.
हे बघ. याचा मसाला मध्यभागी नसतो,
काठाच्या आत सगळीकडून फिरवलेला असतो.
कुठे दाट बसतो, कुठे बसतच नाही.
खिळा नेमका कोरड्या जागी आपटला.
काठावर चिमुकला खड्डा होता,
उशीवर पहाटे दिसतो तसा.

तिनं ते अर्धा वळसा फिरवलं, परत भरलं,
दुसऱ्या बाजूनं विचार, म्हणाली.

बार उडाला.
पलीकडच्या कड्यावरून दोन पोपट ओरडत गेले,
खालच्या बिळापाशी एक ससा कान उभारून
तसाच बसून राहिला, आपला नसलेला आवाज ऐकत.

भोक खूप डावीकडे, खाली,
कागदाच्या अगदी कडेला.
आत्या दुर्बिणीतून बराच वेळ बघत होती.
तोही डावीकडेच मारायचा, म्हणाली,
आणि मला म्हणायचा, कागद वाकडा लावलाय.

मी वहीत लिहिलं: पाचवी बंदूक, एक बार, दुसऱ्या खेपेला.
निष्कर्षाच्या रकान्यात काय लिहू विचारलं
तर ती टेबलाचं एक टोक धरून उभी होती,
धर गं त्या बाजूनं, बोटं गारठली.