हात खिशात

विनेबाच्या विद्यापीठात, आमच्या वर्गात,
सगळ्यांत थोराड मी.
बाकीची पोरं एकोणीस-वीसची,
माझ्या दाढीत पांढरा, आणि तो टर्पेंटाइननं जात नाही.

सोळा वर्षं होड्या रंगवल्या.
न्हाव्यांच्या पाट्या, शवपेट्यांची दुकानं,
ट्रोट्रोच्या मागच्या काचेवर "घाई कसली?"
न आखता, एका दमात.
गिऱ्हाईकाचं केंकी खाऊन होईतो पाटी वाळत टाकलेली.
हात बसला होता.

फीसाठी दोन होड्या उधारीवर रंगवून दिल्या.
एकीचा मालक अजून समुद्रावरच आहे
असं त्याची बायको सांगते.

पहिल्या सत्रात मुलांच्या चित्रांचे टप्पे:
आधी गिरगोटे,
मग थेट डोक्यालाच फुटलेले पाय,
मग तळाच्या कडेला जमीन, वरच्या कडेला आभाळ,
मध्ये कुणीच राहत नाही.
मी सगळं उतरवून घेतलं
आणि समासात, कुणाला न दाखवता,
डोक्याला पाय फुटलेला माझा बाप काढला.
जाळी खेचून परतायचा तेव्हा
तो दिसायचाही तसाच.

दुसऱ्या वर्षी सरावपाठ.
चौसष्ट मुलं, रंगांची पेटी एक,
तीही मुख्याध्यापिकेच्या कपाटात, पाहुण्यांपुरती.
मग चुलीतला कोळसा,
रस्त्याची तांबडी माती,
आणि कपड्यांच्या निळीच्या दोन पुड्या.
पाण्यात नीळ सुटली तेव्हा
चौसष्ट तोंडांतून एकच "ए..."

मान्सानं मासा काढला होता.
होडीपेक्षा मोठा, कल्ले नाहीत,
डोळे दोन्ही एकाच गालावर.
मी वाकलो. सवयच ती.
तीन फटकारे: कल्ला, शेपूट, पोटाखाली सावली.
मासा असा उसळला
की शेजारची पोरं बाकावर चढली.
मान्सानं बघितलं.
"छान आहे," म्हणाली, मोठ्यांशी बोलतात तसं.
"आता तो तुमचा."
पान माझ्याकडे सरकवलं
आणि तास संपेपर्यंत
निळे हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मागच्या बाकावर डाडझी बाई, मांडीवर माझा गुणतक्ता.
नंतर कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत.
"एबो, तुझ्या हाताला मी दहापैकी दहा देते.
पण आज परीक्षा त्याची नव्हती."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पुढच्या गुरुवारी दोन्ही हात खिशात.
उजव्यात खडूचा तुकडा.
ओळींतून फिरलो
चोरी होऊ नये म्हणून फिरतात तसा,
चोर मीच.
ती रेघ वाकडी जातेय, जाऊ दे.
तो बकरा पाच पायांचा, असू दे.
तो सूर्य काळा... काळा का?
विचारलं नाही. खिशात खडू मोडला.

मान्साचा मासा पुन्हा पानात मावेना.
"एवढा मोठा, मग कसा काढायचा?"
उत्तर माझ्या बोटांत होतं, नखापर्यंत आलेलं.
"तुला काय वाटतं?" मी म्हटलं.
हा प्रश्न पुस्तकातला, मी पाठ केलेला,
पण विचारून झाल्यावर कळलं
की ती काय सांगेल ते मला खरंच ठाऊक नाही.

सांगितलं नाहीच तिनं.
बोट निळीत बुडवलं आणि निघाली,
पानावरून बाकावर,
बाकावरून फरशीवर, मुलांचे पाय बाजूला सारत
दारापर्यंत,
तिथं शेपूट.

संध्याकाळी बादली घेऊन मीच पुसायला बसलो.
फरशी निघाली. बाक निघाला.
दाराशी थोडं राहिलं,
नीळ जुनाट सिमेंटात मुरते.
राहू दिलं म्हणावं, की निघालं नाही,
अहवालात काय लिहू, अजून ठरलेलं नाही.

शनिवारी अजोआ कपडे धुवायला काढते.
पँट उलटी करते, झटकते,
आणि विचारते,
खिशात हे पीठ कसलं?