बहुधा

फॉर्मवर रकाना आहे : सद्यःस्थिती.
'अतिसंकटग्रस्त' लिहून झालं.
पुढे 'नामशेष' लिहायची मुभा आहे,
पण एकट्याने नाही.
त्याच्या आधी, सोबतीला,
'बहुधा' द्यावा लागतो.

पारारू. रानात जमिनीवर चरणारा होला,
ओंजळीत मावेल एवढा.
नर पाटीच्या रंगाचा, पंखांवर जांभळे पट्टे,
लिहिताना कुणी शाईचं बोट पुसावं तसे.
मी पाहिलेला नाही.
मला शिकवणाऱ्यांनीही नाही.
मी पाहिलेत ते संग्रहालयाच्या खणातले तीन,
पायांना चिठ्ठ्या, डोळ्यांत कापूस.

त्याचं सगळं गणित ताकुआराशी.
हा बांबू तीस तीस वर्षं नुसता उभा असतो,
मग एका साली डोंगरच्या डोंगर फुलतो,
दाणा धरतो आणि मरतो.
दाण्यामागोमाग पक्षी जायचा,
जिथे फुलोरा तिथे बिऱ्हाड.
मग मधल्या दऱ्या गेल्या.
सोयाबीन आलं, पाइन आले, हमरस्ता आला.
पुढच्या फुलोऱ्याचा पत्ता राहिला,
वाट राहिली नाही.

एवढं सगळं एका परिच्छेदात बसतं.
बसवलंय मी.

मोरेतेसच्या वर, नदीकाठी, गुमेर्सिंदो राहतो.
वय एक्क्याऐंशी. एकेकाळी पिंजऱ्यांचा नाद.
"बारा होते माझ्याकडे," तो सांगतो,
"बारा! माझ्या हातचा भात खायचे.
मग कायदा आला, माणसं आली, घेऊन गेली.
कुठे नेले त्याचा कागद कुणी दिला नाही."
कॉफीचा कप खाली ठेवून
तो गाल फुगवतो आणि पार बेंबीच्या देठापासून
काढतो :
हूऽप. हूऽप. हूऽप.
त्याची बायको ओंदिना, शेंगा सोलता सोलता,
वर न बघता म्हणते,
"झालं. आता रात्रभर हेच."

दोन वर्षं आमची अकरा यंत्रं झाडांना बांधलेली,
पहाटेपासून अंधार पडेस्तोवर ऐकत.
पाऊस, बेडूक, करवत,
बोगद्यातून निघालेली मालगाडी.
संगणक सगळं पाखडतो
आणि आठवड्याला एकच उत्तर देतो : शून्य.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी त्याने आकडा दिला.
सात नंबरचं यंत्र. पहाटे पाच छप्पन्न.
जुळणी एक्क्याण्णव टक्के.

मी उठले. परत बसले.
कुणाला फोन केला नाही.
हेडफोन कानाला लावला.

हूऽप.
हूऽप.
एकविसाव्या सेकंदाला
खोकला.
मग पाचोळ्यात टेकलेली काठी,
आणि झोपलेल्या पोराला उठवावं तशा आवाजात,
"या रे. फुललाय."

म्हणजे हा गुडघ्यांनी गेलेला माणूस
अंधारात तो चढ चढून
ताकुआराच्या बेटात जाऊन उभा होता,
निरोप द्यायला.

नियम सांगतो : खोटी नोंद, पुसून टाकावी.
मी ती फाइल पुसलेली नाही.
खोकल्यानंतर चार मिनिटं तो काही बोलत नाही.
ऐकतोय.
आवाज पूर्ण वाढवला की कळतं,
दाणा गळतोय, वाळक्या पानांवर,
एक, मग बराच वेळ काही नाही, मग दोन.
उचलायला कुणी नाही.
किंवा आहे, आणि पावलं वाजत नाहीत.

फॉर्मची मुदत शुक्रवारची होती.
'बहुधा' लिहिलं. खाडाखोड केली नाही.

दुपारी ओंदिनाला फोन लावला.
म्हटलं, त्यांना सांगा, आवाज आमच्याकडे पोचलाय,
पण तो त्यांचाच आहे.
ती म्हणाली, "आत्ता कुठला सांगू? वर गेलाय. डबा घेऊन."
मग जरा थांबून,
"ते सात नंबरचं तेवढं बंद करू नका.
पडला-बिडला तर
कळेल तरी कुणाला."