पासष्ट अंश

उत्तरायणानंतरच्या आठवड्यात
आमच्या खोलीत बोटं येतात,
मांज्यानं कापलेली, टाक्यांनी जोडलेली.
यंदा त्यांत मोहित्यांची दोन होती.
रावपुऱ्यातल्या सहकारी बँकेचे कॅशियर,
उजवा हात, नोटा मोजायचा.

प्लास्टिकची शीट ट्रेमध्ये सोडली.
पाणी पासष्टावर.
मिनिटभर काहीच होत नाही,
मग काठाकडून ती पारदर्शक होत जाते,
साबुदाणा शिजतो तशी.
आतले स्फटिक वितळले, इतकंच.

"तूटी जशे ने, बेन?"
नाही तुटणार. हिच्या साखळ्यांना
कारखान्यातच गाठी मारल्यात.
गाठी कमी असत्या तर
सैल कणकेसारखी लोंबली असती,
माझ्याच बोटांचे ठसे घेऊन.
जास्त असत्या
तर मनगटाच्या हाडाला जुमानलं नसतं,
तिथं फोड आला असता.
एका कंपनीची तशी होती. पुन्हा मागवली नाही.

टॉवेलवर टिपली, माझ्या दंडाला लावून पाहिली,
मग त्यांच्या मनगटामागून धरून बसले
चार मिनिटं.
तेवढ्यात ते थकीत कर्जांबद्दल बोलले,
सुनेच्या गोड वरणाबद्दल,
आणि पतंग मुळात त्यांचा नव्हताच, याबद्दल.
शीट हळूहळू दुधाळ झाली,
टणक,
मनगट होतं तिथंच धरून.

दर सोमवारी पुन्हा पाणी.
दर सोमवारी मनगट थोडं सरळ.

सहाव्या आठवड्यानंतर मी म्हटलं, आता नको ही,
विद्यार्थ्यांच्या सरावाला राहू दे.
ट्रेमध्ये टाकली. मोहिते उभे राहून बघत होते.
आधी अंगठ्याची खाच उलगडली,
मग मनगटाचा बाक,
कुणी हात न लावता
पाण्याखाली ती आडवी झाली.
"एवढ्यात विसरली?"
विसरली नाही, म्हटलं. हिला एवढंच आठवतं.
पुढचं सांगायला गेले, गाठी, साखळ्या,
पण ते ऐकत नव्हते.
उजवी मूठ मिटून बघत होते.
तीन बोटं तळव्याला टेकली. एक अधांतरी.

संध्याकाळी गार शीट उचलली.
पांढरी, सपाट, गोदामातून आत्ताच आल्यासारखी.
फक्त करंगळीच्या कडेला
बॉलपेनची निळी रेघ,
पहिल्या दिवशी त्यांचा पंजा टेकवून आखलेली,
आणि रुतून बसलेला
एक पांढरा केस.