छातीचं माप

विटोशा डोंगराच्या पायथ्याशी, सोफियाच्या बाहेर,
प्लायवुडचं एक न्यूयॉर्क उभं आहे.
त्याच्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये मी शर्ट शिवते.
नायकाला एकाच शर्टाच्या आठ प्रती:
कोरा, धुळीचा, बाही फाटलेला,
आठवा फक्त शेवटच्या मिठीसाठी.
गुंडांना दोन-दोन. एक मरायला,
एक पहिला टेक फसला तर.

छातीपाशी कापड आतून घासून विरविरीत करायचं,
मागे पिशवी, पिशवीत ग्लुकोजचं लाल.
एक ठिणगी, आणि माणूस डाळिंबासारखा उलतो.
खरं इतकं लाल नसतं, मी एकदा म्हणाले.
दिग्दर्शक म्हणाला, खरं कोणाला बघायचंय?
सप्टेंबरात त्या लालावर गांधीलमाश्या येतात.

गोष्ट दरवेळी तीच.
सातव्या मिनिटाला बायको मरते
(तिचा गाऊनही मीच शिवते),
आठव्याला नायक कपाट उघडतो,
नव्वदाव्यापर्यंत एकेचाळीस माणसं.
पोलीस उशिरा येतात, वकील येतच नाही.
तारीख पडत नाही.

माझ्या भावाच्या खटल्याला चार वर्षं झाली.
कामेन. पेर्निकचा पेट्रोल पंप, रात्रीचे अडीच,
ते तिघं, आणि रांगेवरून बाचाबाची.
एकदा साक्षीदाराला फ्लू, एकदा न्यायाधीश बदलले,
एकदा फाईलच दुसऱ्या इमारतीत.

मंगळवारी गुंडांची मापं होती.
रांगेत नववा तो.
यादीत नाव आधीच वाचलं होतं: त्रिफोनोव, आसेन.
म्हटलं, असतात एका नावाची दहा माणसं.
हात वर करा, म्हणाले. त्याने केले.
टेप पाठीमागून आणायची तर
माणसाला जवळजवळ कवेत घ्यावं लागतं.
एकशे चार. लसणाचा वास.
"तुम्हाला कुठेतरी पाहिलंय," तो म्हणाला.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
चार वर्षं मी त्याच्या मागच्या बाकावर बसते.
तो फारसा मागे वळत नाही.

त्याची पिशवी मी नीट शिवली.
ठिणगीमागची जाड पट्टी, जी कातडी भाजू देत नाही,
तीही बसवली. दोनदा ओढून पाहिली.
त्याआधी ती पट्टी हातात घेऊन
किती वेळ बसले होते, ते नाही सांगत.

पाच तालमी कोरड्या, दोन टेक ओले.
नायक म्हणायचा, "हे तिच्यासाठी,"
की आसेन त्रिफोनोव पायऱ्यांवरून पाठीवर.
पहिल्यांदा माझ्या पोटात काहीतरी सैल झालं,
खोटं कशाला बोलू.
दुसऱ्यांदा कमी.
पाचव्यांदा मी त्याच्या कॉलरची इस्त्री बघत होते.
सातव्यांदा तो उठला, गुडघे झटकले,
आणि विचारलं, सूप संपलं का.

शर्ट थंड पाण्यात घातला.
गरम पाण्यात डाग धरतो.
पाणी लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी.

पुरावा क्रमांक अकरा अजून त्यांच्याकडेच आहे.
निळा, चौकड्यांचा,
तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं.
तो दोरा माझा. घाईत काळाच सापडला.
त्याला म्हटलं होतं, रविवारी ये,
नीट लावून देते.